बाथटबभोवती टाइल्स लावताय? आधी मागची भिंत तयार करा

बाथरूमचं काम काढलं की सगळ्यात जास्त वेळ जातो तो टाइल्स निवडण्यात. मॅट की ग्लॉसी, फिकट की गडद, यावर घरात आठवडाभर चर्चा चालते. पण त्या टाइल्स ज्या भिंतीवर बसणार, तिच्याबद्दल मात्र एकच वाक्य बोललं जातं: "ते मिस्त्री बघेल." गंमत म्हणजे टाइल सहसा खराब होत नाही. खराब होते ती तिच्या मागची भिंत.

टबभोवतीच्या तीन भिंती म्हणजे बाथरूममधली सगळ्यात जास्त पाणी सोसणारी जागा. बादलीने आंघोळ करताना पाणी कमरेपर्यंत उडतं. टबमध्ये उभं राहून शॉवर घेतला की ते डोक्याच्या वरपासून भिंतीवर पडतं आणि सगळंच्या सगळं टबच्या काठावर येऊन थांबतं. तिथे केसाएवढी फट असली तरी पाणी आत शिरतं. टब मध्ये असल्यामुळे ते दिसत नाही. दिसतं ते थेट खालच्या मजल्यावर, शेजाऱ्यांच्या छतावर. आणि महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार आपल्या टॉयलेट, सिंक वगैरेंमधून होणाऱ्या अंतर्गत गळतीचा खर्च सभासदालाच करावा लागतो. म्हणजे टाइल्स फोडायच्या त्याही आपण आणि पुन्हा लावायच्या त्याही आपणच.

या लेखात वीट किंवा ब्लॉकची भिंत, त्यावर सिमेंटचा गिलावा, आणि तीन बाजूंनी भिंत असलेल्या कोनाड्यात बसवलेला अॅक्रिलिकचा टब, अशी आपल्याकडच्या फ्लॅटमधली नेहमीची रचना गृहीत धरली आहे. परदेशातल्या लाकडी चौकटीच्या भिंतींसाठी शेवटी वेगळा भाग आहे.

टाइलमधून पाणी जात नाही, मग जातं कुठून?

व्हिट्रिफाइड टाइल स्वतःच्या वजनाच्या जेमतेम ०.५ टक्का किंवा त्याहूनही कमी पाणी शोषते. भिंतीसाठीची साधी सिरॅमिक टाइल मागच्या बाजूने १० टक्क्यांहून जास्त शोषते, पण तिच्या पुढच्या बाजूला काचेसारखा थर असतो. म्हणजे अडचण टाइलची नाही, सांध्यांची आहे.

एक साधा हिशोब करू. टब ५ फूट लांब आणि अडीच फूट रुंद आहे. तीन भिंतींची मिळून रुंदी १० फूट. जमिनीपासून ७ फूट उंचीपर्यंत टाइल्स लावल्या तर क्षेत्रफळ ७० चौरस फूट. १ फूट बाय २ फुटांच्या ३५ टाइल्स लागतील आणि त्यांच्यामध्ये साधारण १०० फूट लांबीचे सांधे तयार होतील. हे सांधे भरायचं ग्राउट बहुतेक वेळा सिमेंटचं असतं. त्याला सूक्ष्म छिद्रं असतात, पुढे बारीक तडेही जातात. रोज दोन-तीन वेळा शॉवर घेतल्यावर या १०० फुटांतून थोडं थोडं पाणी मागे जाणारच.

म्हणून टाइल्स हा वॉटरप्रूफिंगचा थर आहे असं समजू नका. तो दिसायला चांगला आणि पुसायला सोपा असा वरचा थर आहे. पाणी खरं अडवतो तो मागचा थर, आणि तो एकदा टाइल्सखाली गेला की पुन्हा हाताला लागत नाही.

कामाचा क्रम

१. जुनं काढणं आणि भिंत तपासणं
२. पाइप आणि वायरिंगच्या झिऱ्या, प्रेशर टेस्ट
३. गिलावा, त्याला पाणी मारणं आणि वाळवणं
४. जमीन व भिंतींचं वॉटरप्रूफिंग
५. पाणी साठवून चाचणी
६. टब बसवणं
७. टाइल्स, ग्राउट आणि शेवटी सिलिकॉन

यातली सगळ्यात जास्त होणारी अदलाबदल म्हणजे आधी टब बसवून मग उरलेल्या भागाला कोटिंग करणं. त्यामुळे टबच्या मागची भिंत आणि खालची जमीन कोरीच राहते, आणि नेमकी तीच जागा पुढे कधीही उघडता येत नाही.

पायरी १ : भिंत ठोकून बघा

जुन्या टाइल्स काढल्यावर जो गिलावा उरतो, तो लाकडी दांड्याने किंवा थापीच्या मुठीने हळूहळू ठोकत जा. टणक आवाज आला तर गिलावा भिंतीला धरून आहे. बद्द आवाज आला तर मागे पोकळी आहे. तेवढा भाग विटेपर्यंत काढून टाका. "थोडासाच पोकळ आहे, टाइल धरून ठेवेल" हे कुणी सांगितलं तरी ऐकू नका. टाइलने गिलावा धरायचा नसतो, गिलाव्याने टाइल धरायची असते.

वजनाचा अंदाज घ्या. १० मिलिमीटर जाडीची व्हिट्रिफाइड टाइल दर चौरस मीटरला साधारण २० ते २३ किलो भरते. आपल्या ७० चौरस फुटांच्या, म्हणजे साडेसहा चौरस मीटरच्या भिंतींवर अॅडेसिव्ह धरून दीडशे किलोंच्या पुढे वजन लटकणार. म्हणून खालच्या गोष्टी भिंतीवर असतील तर त्या पूर्ण खरवडा:

- ऑइल पेंट, डिस्टेंपर : अॅडेसिव्ह रंगाला चिकटतं, भिंतीला नाही. रंग सुटला की टाइल सुटली.
- वॉल पुट्टी : रंगाखाली गुळगुळीतपणा देण्यासाठी ती ठीक आहे, टाइलचं वजन पेलण्यासाठी नाही.
- पीओपी किंवा जिप्समचा गिलावा : पाणी लागलं की मऊ पडतो. टबजवळ तो अजिबात नको.
- लोणा : भिंतीवर पांढरी भुकटी किंवा फुलोरा दिसला तर तो कोरड्या ब्रशने झाडून थांबू नका. लोणा म्हणजे भिंतीतून पाणी येतंय आणि सोबत क्षार आणतंय याची खूण. पलीकडे गळका पाइप आहे, बाहेरच्या भिंतीला तडा आहे की वरच्या मजल्याची गळती आहे, हे शोधून आधी बंद करा. आपण पुढून केलेलं कोटिंग मागून येणारं पाणी थांबवेलच असं नाही. उलट क्षारांच्या दाबाने ते फुगून निघू शकतं.

काँक्रीटचा कॉलम किंवा बीम गुळगुळीत असेल तर छिन्नीने जवळजवळ टोचे मारून तो खडबडीत करून घ्या. साइटवर याला हॅकिंग म्हणतात.

जुन्या टाइल्स न फोडता त्यावरच नव्या लावल्या तर? जुन्या टाइल्स घट्ट असतील, मागे ओल नसेल आणि त्यासाठीचं खास अॅडेसिव्ह वापरलं तर हे जमतं. पण टबभोवती हा मार्ग शक्यतो टाळा, कारण जुन्या टाइल्समागे वॉटरप्रूफिंग आहे की नाही हे तुम्हाला कळणार नाही.

पायरी २ : पाइप, वायर आणि डायव्हर्टर

टबच्या भिंतीत गरम पाण्याचा पाइप, थंड पाण्याचा पाइप, डायव्हर्टर आणि शॉवरची लाइन इतकं सगळं लपणार असतं. साडेचार इंची भिंतीत झिऱ्या मारताना जपून. उभी झिरी भिंतीच्या जाडीच्या एकतृतीयांशापेक्षा आणि आडवी झिरी एकषष्ठांशापेक्षा खोल नको, हा जुना नियम आजही लागू आहे. लांबलचक आडवी झिरी भिंतीला कमजोर करते, म्हणून पाइप शक्यतो वरून खाली आणा.

डायव्हर्टरची खोली हा बारीक पण महागात पडणारा मुद्दा आहे. त्याच्या बॉडीवर किंवा प्लॅस्टिकच्या झाकणावर कमीत कमी आणि जास्तीत जास्त खोलीच्या खुणा असतात. टाइलचा पृष्ठभाग या दोन खुणांच्या मध्ये यायला हवा. मोजताना गिलावा, वॉटरप्रूफिंग, अॅडेसिव्ह आणि टाइल या सगळ्यांची जाडी धरा. बॉडी फार आत गेली तर मुठी बसत नाहीत. फार बाहेर आली तर भिंतीवरची गोल तबकडी टाइलला टेकत नाही आणि तिच्या मागून पाणी शिरतं.

झिऱ्या बुजवण्याआधी तीन गोष्टी कराच:

- टेस्ट पंप लावून पाइपलाइन दाबाखाली ठेवा आणि काटा खाली येतो का ते बघा. सीपीव्हीसीचे सांधे चिकटवल्यावर सोल्युशन वाळायला डब्यावर दिलेला वेळ द्या, मगच दाब द्या.
- मोजपट्टी भिंतीला लावून प्रत्येक पाइपचा फोटो काढा. पुढे हँडल किंवा हुक बसवताना ड्रिल कुठे मारायचं नाही हे या फोटोंवरूनच कळेल.
- गीझर आणि बाथरूमच्या पॉइंट्सचं अर्थिंग तपासा, आणि मेन बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी नसेल तर या निमित्ताने बसवून घ्या.

टबच्या ड्रेनजवळ एक छोटी झडप किंवा काढता येईल असा पॅनेल ठेवायचाय, हेही आत्ताच ठरवा. ड्रेनचा सांधा कधीतरी गळणारच. तेव्हा टब फोडावा लागू नये.

पायरी ३ : गिलावा

टाइलमागचा गिलावा आणि रंगाचा गिलावा यांत फरक असतो. रंगासाठी गुळगुळीतपणा महत्त्वाचा. टाइलसाठी महत्त्वाच्या तीन गोष्टी म्हणजे ओळंबा, सपाटी आणि काटकोन.

मिश्रण आणि जाडी : १ भाग सिमेंटला ४ भाग वाळू, जाडी साधारण १२ ते १५ मिलिमीटर. भिंत वाकडी असल्यामुळे जास्त जाडी लागत असेल तर ती एका थरात भरू नका; दोन थरांत करा. वीटकाम आणि काँक्रीट जिथे मिळतात तिथे सांध्यावर जाळी ठोकून मग गिलावा करा. दोन्ही वस्तू उष्णतेने कमी-जास्त फुगतात आणि तडा नेमका त्याच रेषेत जातो.

सपाटी : अॅल्युमिनियमची लांब पट्टी भिंतीला उभी, आडवी आणि तिरकी लावून बघा. १० फुटांत ३ मिलिमीटरपेक्षा जास्त फट दिसायला नको, विशेषतः २ बाय ४ फुटांच्या मोठ्या टाइल्स लावणार असाल तर. भिंतीचा खड्डा टाइल लावताना अॅडेसिव्हने भरून काढणं हे काम नव्हे, ती पळवाट आहे.

काटकोन : दोन्ही कोपऱ्यांत गुण्या लावा. कोपरा गुण्यात नसेल तर टबचा काठ एका टोकाला भिंतीला टेकतो आणि दुसऱ्या टोकाला बोटभर फट राहते. टब घेण्यापूर्वी कोनाड्याची लांबी वर, मध्ये आणि खाली अशी तीन ठिकाणी मोजा, आणि तीही गिलाव्यानंतरची मोजा. दोन्ही बाजूंना १५ मिलिमीटर गिलावा चढला की कोनाडा ३० मिलिमीटरने कमी झालेला असतो.

फिनिश : नीरू नको, कोरडं सिमेंट मारून घोटाई नको. लाकडी रंध्याने घासलेला खरखरीत पृष्ठभागच हवा.

गिलावा झाल्यावर किमान ७ दिवस पाणी मारा. त्यानंतर साधारण दोन आठवडे वाळू द्या. पावसाळ्यात, विशेषतः कोकण-मुंबईच्या हवेत, आणखी वेळ लागतो. आत ओल आहे का हे बघायची सोपी युक्ती: दीड फूट चौरस जाड प्लॅस्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेपने भिंतीला घट्ट चिकटवा आणि निदान १६ तास ठेवा. काढल्यावर आतल्या बाजूला दव दिसलं किंवा भिंत गडद झाली असेल तर अजून थांबा.

पायरी ४ : वॉटरप्रूफिंग

इथे एक गैरसमज आधी दूर करू. सिमेंटमध्ये मिसळायचं वॉटरप्रूफिंगचं लिक्विड गिलावा थोडा घट्ट करतं, पण त्याने अखंड पडदा तयार होत नाही. टाइलमागे हवा असतो तो ब्रशने लावायचा, थोडा लवचिक राहणारा थर. पावडर आणि पॉलिमर लिक्विड एकत्र करून लावायचं दोन घटकांचं कोटिंग यासाठी सर्रास वापरलं जातं. त्यावर सिमेंटचं टाइल अॅडेसिव्ह नीट धरतं. गच्चीवरचं डांबरी कोटिंग इथे लावू नका. त्यावर टाइल टिकत नाही.

- कोपरे आधी : भिंत आणि जमीन, भिंत आणि भिंत यांच्या काटकोनात मसाल्याची छोटी गोलाई करा. त्यावर कोटिंगचा हात, त्यात फायबरची जाळी दाबून बसवा, वर पुन्हा कोटिंग. तडा जातो तो कोपऱ्यात, सपाट भिंतीवर क्वचितच.
- पाइपची तोंडं : भिंतीतून बाहेर येणाऱ्या प्रत्येक पाइपभोवतीची फट सीलंटने भरा आणि जाळीचा तुकडा लावा. नहाणी ट्रॅपच्या गळ्याशी हेच करा.
- दोन हात : पहिला हात आडवा, दुसरा उभा. पहिल्यात राहून गेलेली सूक्ष्म छिद्रं दुसऱ्यात झाकली जातात. दोन हातांमधलं अंतर आणि भिंत किती ओली करून घ्यायची हे पाकिटावर लिहिलेलं असतं, ते पाळा. ठरल्यापेक्षा जास्त पाणी घालून कोटिंग पातळ करू देऊ नका.
- किती उंच : शॉवरच्या तोंडाच्या वर निदान अर्धा फूट. शॉवर साडेसहा फुटांवर असेल तर ७ फूट. आणि टबच्या टोकाच्या बाहेरही निदान एक फूट, कारण पडदा कितीही ओढला तरी पाणी तिथे उडतंच.
- खाली किती : पूर्ण जमिनीपर्यंत, टबच्या मागे आणि खालीसुद्धा.

कोटिंग पक्कं झाल्यावर नहाणी ट्रॅप बंद करून जमिनीवर दोन इंच पाणी २४ ते ४८ तास साठवा. पातळीवर खूण करा. या काळात खालच्या शेजाऱ्यांकडे जाऊन त्यांचं छत स्वतः बघून या. आधीचा आणि नंतरचा फोटो दोघांकडे असला की पुढचे वाद वाचतात. चाचणीनंतर त्या थरावर शिडी ओढणं, घमेलं आपटणं बंद.

टब आणि भिंत यांचा सांधा

१ लिटर पाणी म्हणजे १ किलो. २०० लिटरचा टब भरला आणि त्यात ७० किलोंचा माणूस बसला की २७० किलो वजन खाली येतं. अॅक्रिलिकचा टब या वजनाने किंचित दबतो आणि रिकामा झाला की पुन्हा वर येतो. म्हणून टबच्या काठाशी ग्राउट भरलं तर ते काही आठवड्यांत तडकतं. इथे सिलिकॉनच हवं.

कोनाड्यात बसवायच्या काही टबना भिंतीकडच्या तीन बाजूंना वर वळलेली उभी पट्टी असते. ती भिंतीला लागून राहते आणि टाइल तिच्या पुढून खाली येते, त्यामुळे पाणी आपोआप टबमध्ये पडतं. टब घेताना ही पट्टी आहे का ते विचारा. नसेल तर काठावरून भिंतीवर चढणारी वॉटरप्रूफ टेप लावून घ्या. दोन्ही पद्धतींत टबचा काठ कोटिंग केलेल्या गिलाव्याला भिडतो आणि टाइल त्या काठावर येते. टाइल आधी आणि टब नंतर, असं केलं तर फट पाण्याच्या वाटेत उघडी राहते.

टाइलची खालची कड आणि टबचा काठ यांत ३ मिलिमीटर जागा सोडा. ग्राउट पक्कं झाल्यावर टब पाण्याने भरा, म्हणजे तो पूर्ण दबेल, मग त्या फटीत बुरशीरोधक सॅनिटरी सिलिकॉन भरा आणि ते वाळेपर्यंत पाणी काढू नका. रिकाम्या टबला सिलिकॉन लावलं तर पहिल्याच आंघोळीला ते ताणलं जातं. भिंतींचे उभे कोपरेही ग्राउटऐवजी सिलिकॉननेच भरा.

टाइल लावायच्या दिवशी

अॅडेसिव्हच्या पिशवीवर आयएस १५४७७ हा मानकाचा क्रमांक आणि टाइप लिहिलेला असतो. भिंतीवर व्हिट्रिफाइड लावायची असेल तर टाइप २ किंवा त्यावरचं घ्या. नुसत्या सिमेंटच्या मसाल्यावर व्हिट्रिफाइड धरत नाही, कारण ती पाणी शोषतच नाही. अॅडेसिव्ह दाती थापीने सगळीकडे पसरलेलं हवं. टाइलच्या मागे चार कोपऱ्यांत चार गोळे लावून दाबण्याची पद्धत बंद करायला सांगा. त्या पोकळ्यांत पाणी साचतं. मधूनच एखादी ताजी टाइल काढून बघा. ओल्या जागी तिच्या मागचा ९५ टक्के भाग अॅडेसिव्हने भरलेला असायला हवा.

परदेशात राहत असाल तर

अमेरिकेत बहुतेक घरांच्या भिंती लाकडी उभ्या पट्ट्यांवर जिप्समचे बोर्ड ठोकून केलेल्या असतात. तिथे गिलाव्याचा प्रश्न येत नाही, पण नियम तोच: जिप्सम टबजवळ नको. हिरव्या कागदाचा ओलावारोधक बोर्डही नाही. २००६ च्या निवासी बांधकाम संहितेपासून टब आणि शॉवरच्या भिंतींवर टाइलमागे तो चालत नाही. त्याऐवजी सिमेंट बोर्ड लावतात, गंज न लागणाऱ्या स्क्रूंनी, साधारण ८ इंचांच्या अंतरावर. सांध्यांवर अल्कलीरोधक जाळीची टेप आणि अॅडेसिव्ह, त्यावर वॉटरप्रूफिंगचा थर. सिमेंट बोर्ड भिजून कुजत नाही, पण पाणी अडवतही नाही, हे लक्षात ठेवा. मागे प्लॅस्टिक आणि पुढे कोटिंग असे दोन पडदे एकदम करू नका; मध्ये अडकलेली ओल बाहेर पडत नाही. घर जुनं असेल तर भिंत फोडण्याआधी अॅस्बेस्टॉसची तपासणी करून घ्या.

किती दिवस धरायचे?

गिलाव्याला पाणी ७ दिवस, वाळणं १४ दिवस, कोटिंगचे दोन हात आणि ते पक्कं होणं ४-५ दिवस, पाण्याची चाचणी २ दिवस. म्हणजे टाइल लागण्याआधीच चार आठवडे. यात प्रत्यक्ष हात चालतात ते थोडेच दिवस, बाकी सगळं थांबणं. "आठ दिवसांत बाथरूम तयार" असं कुणी सांगितलं तर यातलं काय गाळणार, एवढंच विचारा.

मिस्त्रीला काम देण्याआधीचे सहा प्रश्न

१. पोकळ गिलावा आणि पुट्टी काढण्याचा दर यात धरला आहे का?
२. झिरी बुजवण्याआधी प्रेशर टेस्ट कोण करणार?
३. कोटिंग कोणतं, किती हात, कोपऱ्यांत जाळी आहे का?
४. कोटिंग टबच्या मागे आणि खाली जाणार का?
५. पाणी किती तास साठवणार?
६. सिलिकॉन टब भरून लावणार की रिकाम्या टबला?

ही उत्तरं कोटेशनमध्ये लिहून घ्या, आणि काम सुरू करण्याआधी सोसायटीला लेखी कळवा. पैसे देतानाही एक हप्ता पाण्याच्या चाचणीनंतरच्या दिवसासाठी राखून ठेवा. तो दिवस उलटेपर्यंत टाइल्सची खोकी उघडू नका.